दातेरी कागद

[दृश्य: जुनं चर्मपत्र, वरची कड नागमोडी कापलेली]

जुन्या इंग्लंडात पोरगा उस्तादाकडे उमेदवारीला, म्हणजे धंदा शिकायला, राहिला की एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहायचा आणि मधून वेडावाकडा कापायचा. एक तुकडा उस्तादाकडे, दुसरा पोराच्या घरी. पुढे वाद झालाच, तर दाते जुळवून बघायचे. 'इंडेंचर' हे नाव या दात्यांवरूनच पडलं.

१५६३च्या कायद्यानं इंग्लंडात निदान सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय बहुतेक कारागिरीचे धंदे करता येत नसत. आणि करारातल्या अटी! लग्न करायचं नाही, फासे खेळायचे नाहीत, गुत्त्यात जायचं नाही, मालकाची गुपितं फोडायची नाहीत.

[दृश्य: क्यूच्या अभिलेखागारातली वही]

घरोघरचे हे कागद बहुतेक हरवले. सरकारी वह्या मात्र टिकल्या, कारण तिथे पैसा होता. पोराला शिकवायला उस्ताद जी रक्कम घेई, तिच्यावर १७१० पासून कर बसला. ५० पौंडांपर्यंत पौंडामागे सहा पेन्स, त्याहून जास्त असेल तर एक शिलिंग. १८११ पर्यंतच्या नोंदी लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सुरुवातीला त्यांत बापाचं नावही असे. १७५२च्या सुमारास कारकुनांनी ते लिहिणं जवळपास सोडलंच. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पिढ्या ओळीनं मांडलेल्या असतात. इथे लिहिणारा पडला कर वसूल करणारा, त्याला पिढ्यांशी काय देणंघेणं!

मग बापाचं नाव शोधायला जायचं धंद्याच्या संघाकडे. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीत, म्हणजे छपाई आणि पुस्तकांच्या धंद्यातल्या लोकांच्या संघात, ४ ऑगस्ट १७७२ची नोंद आहे. विल्यम ब्लेक, मोजे विकणाऱ्या जेम्सचा मुलगा. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणाऱ्या जेम्स बझायरकडे, सात वर्षं, ५२ पौंड १० शिलिंग. कवी आणि चित्रकार म्हणून पुढे जगाला माहीत झालेला ब्लेक इथे चौदा वर्षांचा पोरगा आहे.

[दृश्य: पुस्तकबांधणीची शिवण, हात]

१८०५मध्ये मायकेल फॅरडेही चौदाचाच होता. लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणी करणाऱ्या जॉर्ज रिबोनं त्याला सात वर्षांसाठी ठेवून घेतलं आणि रक्कम घेतलीच नाही. रक्कम नाही म्हणून कर नाही; कर नाही म्हणून क्यूच्या वहीत शोधत बसण्यात अर्थ नाही.

पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावकारभारानं, स्वतःच्या खर्चानं कामाला लावलेली गरिबांची पोरंही करातून सुटलेली. त्यांचे करार चर्चच्या लाकडी पेटीत पडून असत. आता ते बहुतेक त्या त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागारात सापडतात.

[दृश्य: पेटीचं झाकण उघडतं]