मान बघून जोड लावणारा

(जत्रेत लेकरांच्या कुस्त्यांच्या जोड्या लावणाऱ्या एका तरुणाच्या वर्षश्राद्धानिमित्त लातूर जिल्ह्यातल्या एका तालमीत झालेल्या भाषणाचं शब्दांकन. घरच्यांच्या इच्छेनुसार नाव छापलेलं नाही.)

वस्ताद मंडळी, तालमीतली लेकरं आणि पुढं बसलेल्या त्याच्या आई,

या भिंतीवर जे फोटो आहेत ते गदा घेतलेल्यांचे. मध्यभागी हरिश्चंद्र बिराजदार मामा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा माणूस 1969 ला महाराष्ट्र केसरी झाला, पुढं रुस्तुम-ए-हिंद झाला आणि पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. 2018 ला गोल्ड कोस्टला 57 किलोत राष्ट्रकुलचं सुवर्ण, पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलोत ब्राँझ. ही नावं लेकरांना पाठ आहेत, असलीच पाहिजेत. आज ज्याच्यासाठी आपण जमलोय त्याच्याकडं गदा नव्हती. शालेय कुस्तीत तालुका, जिल्हा, विभाग करत तो राज्यापर्यंत गेला, तिथं हरला, आणि बारावीनंतर त्याची कुस्ती सुटली. तरी त्याचा फोटो या भिंतीवर लागला पाहिजे, एवढंच मागायला मी उभा राहिलोय.

कुस्ती सुटली ती खुराकापायी. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तो अकरावीला होता. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीवर शिंपडायला पाणी नव्हतं, ताक-तेल तर लांबच. खोऱ्यानं माती उकरायला गेलं की ढेकळं निघायची. घरची जमीन कोरडवाहू, दावणीची म्हैस विकलेली. ज्या घरात पिण्याच्या घागरीसाठी टँकरमागं पळावं लागतं, तिथं दूध-बदाम कोण कुणाला मागणार? तो मार्केट यार्डात हमालीला लागला, पुढं मापाडी, म्हणजे माल तोलणारा, झाला. त्यानं याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला मात्र आजही वाईट वाटतं.

पण जत्रा आली की तो आखाड्याच्या कडेला हजर असायचा. आणि त्याचं खरं काम मी तिथंच पाहिलं.

रेवड्यांच्या, म्हणजे जत्रेतल्या लहान लेकरांच्या कुस्त्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. हलगी कडाडते, लेकरं लंगोट घालून कडेला बसलेली, बाप त्यांना पुढं ढकलतोय. पंच दोघांचे हात धरून वर करतो, गर्दी म्हणते ‘लाव!’, की लागली कुस्ती. वजन बघायचं नाही, वय विचारायचं नाही. उंचीला उंची दिसली की जोड झाली.

तो तसं होऊ देत नव्हता. दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचा. मग एकेकाच्या काखेत हात घालून वीतभर उचलायचा आणि अलगद खाली ठेवायचा. तुरीचा कट्टा पन्नासचा आहे की अठ्ठेचाळीसचा, हे जसं त्याच्या हाताला कळायचं, तसं लेकराचंही कळायचं. मग मानेमागं अंगठा ठेवून मान दाबून बघायचा. शेवटी कान. कान सुजून मोडलेला असला म्हणजे पोरगं रोज मातीत लोळतंय. कोवळा कान म्हणजे जत्रेपुरता लंगोट. मोडल्या कानाच्या गड्यापुढं कोवळ्या कानाचं लेकरू त्यानं कधी उभं केलं नाही.

बाप भांडायचे. एकदा एक जण त्याच्या अंगावरच गेला, ‘माझं पोरगं भितंय म्हणतोस का?’ हा आवाज न चढवता म्हणाला, ‘काका, धोबीपछाड बसला तर ते मानेवर येईल. वर्षभर त्याला पडायला शिकवा. पुढच्या जत्रेला जोड मी स्वतः लावतो.’ आणि पुढच्या जत्रेला त्यानं खरंच लावली.

लेकरांच्या वजनाबद्दल तो इतका कडक का होता, हेही सांगतो. शाळेत असताना विभागीय स्पर्धेआधी त्याचं वजन जास्त भरत होतं. अंगात दोन स्वेटर, वर प्लॅस्टिकचं जॅकेट घालून त्याला भर दुपारी मैदानावर पळवलं, रात्री पाण्याचा घोट दिला नाही. वजन बसलं, सकाळी उठला तर पायात गोळे, जीभ टाळूला चिकटलेली. पाणी तोडलं की रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. 1997 च्या हिवाळ्यात अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन तोडता तोडता महिनाभराच्या आसपास एकामागून एक गेले. त्यानंतर तिथं रबरी सूट बंद झाले, सौना बंद झालं, कुस्तीच्या अगदी आधी वजन घ्यायचा नियम आला. तीन पोरं गेल्यावर! 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅम जादा वजनानं बाद झाली, तेव्हा यार्डातल्या टीव्हीसमोर सगळे पदकासाठी हळहळत होते. हा म्हणाला, ‘रात्रभरात तिच्या अंगाचं काय झालं असंल, ते विचारा ना कुणीतरी.’

त्याच्या शेवटच्या जत्रेत तर त्यानं अडत दुकानातून काटाच उचलून आणला आणि आखाड्याच्या कडेला मांडला. लोकांना ते नवीन होतं. काही जुन्या पैलवानांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, नजरेनं जोड लावणं हीच वस्तादाची विद्या. मला ते मान्य आहे, पण प्रत्येक आखाड्यावर तशी नजर असलेला माणूस आता कुठून आणायचा?

त्याच्या जाण्याबद्दल फार बोलत नाही, आई समोर आहेत. यार्डातून घरी येताना अंधारात उसाच्या ट्रॉलीवर गाडी गेली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, साधी लाल पट्टीही नव्हती. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहेत ते इथं बरेच जण बसलेत. पट्ट्यांची गुंडाळी दाराशी ठेवलीय, जाताना घेऊन जा आणि आज रात्रीच चिकटवा.

जत्रा महाशिवरात्रीची आहे. सकाळी नऊला आखाड्यापाशी काटा लागेल, वहीत लेकराचं वजन आणि वय लिहिलं जाईल, आणि वहीत नाव नसलेल्याची जोड लागणार नाही. पंच मंडळींनी हे कबूल केलंय. ज्यांची लेकरं उतरणार आहेत त्यांनी त्यांना उपाशी आणू नका. न्याहारी करून, पाणी पिऊन येऊ द्या.