नेब्रास्का: पाणी पायाखाली

विमानातून पाहिलं की अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात हिरवी वर्तुळं दिसतात, एकाला एक लागून, मैलोन्‌मैल. मधोमध बोअर आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारा पाव मैलाचा पाइप. शेत चौकोनी, १६० एकरांचं. पाणी गोल फिरतं, म्हणून कोपरे कोरडे राहतात. फ्रँक झायबाक या शेतकऱ्यानं या यंत्राचं पेटंट १९५२मध्ये मिळवलं.

१८२०मध्ये इथून गेलेल्या लष्करी मोहिमेनं हा प्रदेश वाळवंट म्हणून नकाशावर नोंदवला. पायाखाली ओगलालाचा प्रचंड भूजलसाठा आहे, हे त्यांना कसं कळणार? आज अमेरिकेत सर्वाधिक बागायती जमीन याच राज्यात आहे. मका त्यावर, गुरं मक्यावर. माणसं जेमतेम २० लाख. गुरं ६० लाखांच्या वर.

होमस्टेड कायद्यानं इथे वस्ती करणाऱ्याला १६० एकर देऊ केले. कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ला, बीट्रिसजवळच्या जमिनीसाठी डॅनियल फ्रीमननं अर्ज नोंदवला. माळावर लाकूड नव्हतं. लोकांनी गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली माती विटांसारखी कापली आणि तिचीच घरं रचली.

ती जमीन मात्र रिकामी नव्हती. १८७७मध्ये पॉन्का या मूळनिवासी जमातीच्या लोकांना सरकारनं इथून हुसकावून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथे त्यांचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगा वारला. त्याला आपल्याच मातीत पुरायचं म्हणून बाप भर हिवाळ्यात उत्तरेकडे निघाला आणि सैन्यानं त्याला अटक केली. मे १८७९मध्ये नेब्रास्कातल्याच ओमाहा शहराच्या न्यायालयात न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला: कायद्याच्या नजरेत इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळनिवासी, हीसुद्धा ‘व्यक्ती’ आहे, आणि सुटकेसाठी तो न्यायालयात दाद मागू शकतो. या राज्यानं देशाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी रेल्वे किंवा मका नाही, हा निकाल सांगेन.

आता प्रश्न पाण्याचा आहे. टेक्सास आणि कॅन्ससमध्ये याच साठ्याची पातळी खूप खाली गेली. नेब्रास्कात ती बऱ्याच भागांत टिकून आहे. वायव्येकडच्या वाळूच्या टेकड्या पावसाचं पाणी आत जिरवतात, हे एक कारण. दुसरं माणसांनी घडवलेलं: १९७२पासून प्रत्येक खोऱ्याचं पाणी स्थानिक लोकांनी निवडून दिलेली मंडळं सांभाळतात. नव्या बोअरला परवानगी द्यायची की नाही, किती उपसा करू द्यायचा, हे गावचेच लोक ठरवतात. पातळी राखणं त्यांना बऱ्यापैकी जमलं. शुद्धता राखणं अजून जमलेलं नाही. मक्याला घातलेल्या खतांमधलं नायट्रेट झिरपत खाली गेलंय आणि अनेक घरांच्या पिण्याच्या विहिरींत ते मर्यादेपेक्षा जास्त सापडतंय.