ढगाखालचा सडा

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्टातली एक सकाळ सांगतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पाऊस नुकता थांबलेला, पण ढग इतके खाली की समोरच्या डोंगराची फक्त कंबर दिसते. आम्ही दगडात कशाबशा चार खुंट्या अडकवल्या, दोरी ताणली आणि एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट आखली. माझे विद्यार्थी तिच्याभोवती उकिडवे बसले, गंजिफा खेळायला बसावं तसे. जांभ्या दगडावर बोटभर माती, आणि त्या बोटभर मातीत गर्दी काय विचारता! सीतेची आसवं, गेंद, तेरडा, तीन-चार तऱ्हेची गवतं. एका कोपऱ्यात दवबिंदू, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारी ती एवढीशी वनस्पती. दहा-बारा नावं लिहून झाली तरी चौकट संपेना.

हाच सडा मार्चमध्ये बघायला गेलात तर तव्यासारखा काळा-तांबडा दगड. चप्पल न घालता चालवत नाही. एका कार्यालयात मी याच जागेचा नकाशा पाहिला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘पडीक खडकाळ जमीन’. नकाशा करणाऱ्याने खोटं लिहिलेलं नव्हतं, त्याने फक्त चुकीच्या महिन्यात पाहिलं होतं. आपले वनस्पतींचे बहुतेक नकाशे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बनतात आणि ती छायाचित्रं घ्यायला आकाश निरभ्र लागतं. जून ते सप्टेंबर गोव्यावर ढगांचं छप्पर. म्हणजे सडा ज्या चार महिन्यांत जिवंत असतो, नेमक्या त्याच चार महिन्यांत वरचा डोळा मिटलेला. छप्पर उघडतं तेव्हा खाली सगळं वाळून चाललेलं असतं. मग ‘पडीक’ हा शिक्का बसतो, आणि पडीक म्हटलं की त्या जमिनीवर काहीही आणायला कोणाची ना नसते. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खालच्या वाड्यावरची झर याच सड्यात मुरलेल्या पाण्यावर वाहते, हे त्या शिक्क्यात कुठे मावणार?

आज बोलायचं आहे ते याच विषयावर. आपल्या राज्याचा वनस्पतींचा नकाशा. तोही नुसता ‘हिरवं’ आणि ‘हिरवं नसलेलं’ एवढंच सांगणारा नको. कुठे कोणतं रान आहे, हे नावानिशी सांगणारा हवा.

तुम्ही म्हणाल, गोवा तर हिरवागार आहे, नकाशा कशाला? खरंय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021च्या अहवालात गोव्याचं वनाच्छादन सुमारे 2,244 चौरस किलोमीटर दिलं आहे. आपलं राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक. ऐकून छाती फुगते. पण ही मोजणी कशी होते? एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा आणि तिच्या निदान दहा टक्के भागावर झाडांची सावली, की झालं वनाच्छादन. झाड कुठलं, जमीन कोणाची, याला महत्त्व नाही. त्यामुळे काजूची बागायत त्यात येते, माडांचं भाट येतं, एका रांगेत लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशियाही येते. आणि म्हादईच्या खोऱ्यातलं सदाहरित रानही त्यातच. सगळे एकाच बेरजेत! काजूवर माझा राग नाही, उन्हाळ्यात हुर्राकाला, काजूच्या त्या हलक्या दारूला, मीही नाही म्हणत नाही. पण शेकरूला विचारा. या फांदीवरून त्या फांदीवर जमिनीला पाय न लावता जाता येईल असं सलग छत त्याला हवं. धनेशाला जुनाट झाडाची ढोली हवी आणि वर्षभर कुठे ना कुठे पिकलेला वड, उंबर, नांद्रुक हवा. अकेशियात त्याने काय खावं?

याहून मजेशीर गोष्ट खाजनांची. मांडवी-झुवारीच्या काठची आपली खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, बांध आणि मानशींवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांवर, उभी आहेत. बांध फुटला, गावकरी किंवा कुळं तो वेळेवर दुरुस्त करू शकली नाहीत, की खारं पाणी शेतात शिरतं. भात जातं. चार-पाच वर्षांत तिथे तिवर, कांदळ, मारांडी उगवते. आता वरून पाहा: हिरवं वाढलं! तक्त्यात बेरीज झाली. खाली मात्र शेकडो वर्षं कसलेलं एक शेत बुडालं. खारफुटी वाईट असं नाही म्हणत मी. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं आहे आणि ते खारफुटीमुळेच आहे. पण कुठली खारफुटी पूर्वापार नदीकाठची आणि कुठली फुटलेल्या बांधामागची, हे नकाशाने वेगळं दाखवलं पाहिजे. दोघांना रंग एकच दिला तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

अशा नकाशाचं काम जगात नवं नाही. अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य गोव्याच्या शंभर पटींहून मोठं. तिथे 1995 साली राज्यातल्या वनस्पती-समूहांची सूची पुस्तकरूपाने निघाली. पद्धत अशी, की रानात जायचं, ठरावीक जागेत कोणती झाडं आणि त्यांनी किती जमीन झाकली आहे ते लिहायचं, आणि त्यातल्या प्रमुख झाडावरून समूहाला नाव द्यायचं. मग विमानातून घेतलेल्या चित्रांवर त्या समूहांच्या सीमा आखायच्या. आपल्याकडेही काही झालेलं नाही असं नाही. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने 1980च्या दशकात पश्चिम घाटाचे सुंदर रंगीत वननकाशे काढले, त्यातला एक बेळगाव-धारवाड-पणजीचा. पण त्याचं प्रमाण अडीच लाखाला एक. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. पुढे 2015 साली देशभराचा नकाशा पन्नास हजाराला एक या प्रमाणात आला. मोठं काम. तरी आपल्या एखाद्या देवराईचा त्यावर जेमतेम पेन्सिलीचा ठिपका होतो.

आता देवराई म्हणजे केवढी, हे पाहायचं तर बांबरला जा. सत्तरीतली निरंकाराची राय. आत शिरलात की चिखल, संथ पाणी, आणि त्यातून वर आलेली रानजायफळाची मुळं. गुडघा दुमडून कोणी चिखलात बसलेलं असावं आणि फक्त गुडघेच वर दिसावेत, अशी. चिखलात हवा मिळत नाही म्हणून मुळं श्वास घ्यायला बाहेर येतात. असं दलदलीचं रान पश्चिम घाटात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. ही राय टिकली ती निरंकार देवामुळे. तिथली फांदी तोडायची गावाची हिंमत नाही. पण रायीच्या वरच्या बाजूने ओहोळ वळवला तर देवाला न दुखवताही ती सुकवता येते. नकाशात राय हवी, आणि तिला पाणी देणारा उतारही हवा.

कायद्याच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे, आणि इथे थोडं कंटाळवाणं बोलावं लागेल. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरा, जमीन खासगी असली तरी. मग गोव्यात खासगी वन ओळखायचे निकष कोणते? किमान पाच हेक्टर सलग जागा, पंचाहत्तर टक्के झाडं रानातल्या जातींची, आणि छताची घनता 0.4, म्हणजे चाळीस टक्के जमीन झाडांच्या सावलीखाली. या तीन आकड्यांवर किती डोंगर लटकले आहेत! समित्या झाल्या, सर्वेक्षणं झाली, खटले झाले. पाहा, यातला मधला निकष झाडांच्या जातींचा आहे. किंदळ, ऐन, नाणा, जांबा किती आणि काजू किती, हे कोणीतरी झाडाखाली उभं राहून मोजल्याशिवाय ठरतच नाही. एकदा राज्यभर नीट मोजलेलं असलं तर प्रत्येक डोंगरासाठी नव्याने भांडावं लागणार नाही. निदान भांडण आकड्यांवर होईल.

जनावरांचं म्हणाल तर जानेवारी 2020 विसरता येत नाही. सत्तरीत गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करायला सांगितलं, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. नकाशा असता तर ते वाघ वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं कागदावर एकमेकांना लागून दिसतात. प्रत्यक्षात गवा कुठून उतरतो, गवताळ जागा कुठे उरल्या, गुरं चरायला कुठे जातात, हे सगळं वनस्पतींशी बांधलेलं आहे. वाघ गव्यामागे, गवा चाऱ्यामागे. चाऱ्याचा नकाशाच नसेल तर गावकऱ्यांशी आणि वनखात्याशी बोलायचं तरी कशाच्या आधारावर?

मार्च 2023 मध्ये म्हादईचं रान पेटलं. विझवायला नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं आली. कुठला उतार वाळक्या गवताचा, कुठला पानगळीचा आणि कुठे ओलसर सदाहरित पट्टा आहे जिथे आग आपसूक मंदावेल, हे आधी ठाऊक असणं ही चैन नव्हे.

मला विचाराल तर गोव्यात या कामाची निम्मी शब्दसूची तयारच आहे. मोरड म्हणजे चढावरची शेतजमीन, खेर म्हणजे रेताड, कुळागर म्हणजे पोफळीची बाग; शिवाय खाजन, राय, सडा. आपल्या आजी-आजोबांनी जमिनीचं वर्गीकरण कधीच करून ठेवलं. 2002च्या जैवविविधता कायद्याने पंचायतींना लोकजैवविविधता नोंदवही करायला लावली आहे. ती नोंदवही कपाटात राहते. ती आणि उपग्रहाचं चित्र एका टेबलावर मांडायला हवं. आजचे उपग्रह दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा वेगळा ओळखतात, एका मोठ्या आंब्याच्या सावलीएवढा. पण त्या तुकड्यात आंबा आहे की भिरंड, हे सांगायला माणूस लागतो.

त्या ऑगस्टातल्या सकाळी असंच एक माणूस भेटलं. डोक्यावर खोळ घेतलेली एक म्हातारी, हातात तायकिळ्याची जुडी. आमची दोरी बघून थांबली. आम्ही नावं विचारली तर भराभर सांगितली, आम्हाला अडलेली दोन गवतंसुद्धा. माझ्या एका विद्यार्थ्याने उत्साहाने रानातल्या अळंब्यांचं विचारलं, “आजी, अळमी कुठे येतात इथे?” ती हसली. सड्याच्या कडेला, झाडीत, जुन्या रोयणीकडे, म्हणजे वारुळाकडे, तिने नुसती मान वळवली. पोरगा पेन काढून नकाशावर खूण करू लागला तशी ती चटकन पुढे आली. “तें कागदार घालूं नाका हां, मास्तर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आमच्या नकाशावर ती जागा आजही कोरी आहे.

नमस्कार.