त्या भिंतीला खिडकी का नाही?

मंडळी, नमस्कार.

मोठ्या शहरात नवं उंच हॉटेल उभं राहतं, परांच्या उतरतात, जाळ्या निघतात आणि रस्त्यावरची माणसं वर बघून म्हणतात, "काय भयाण दिसतंय हे!" त्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं. आवडनिवड ज्याची त्याची, आणि नव्याची सवय व्हायला वेळ लागतो. मी वास्तुविशारद आहे, निम्मी हयात हॉटेलांचे नकाशे काढण्यात गेली, आणि मला हे उत्तर पटत नाही. लोक चिडतात तेव्हा त्यांना बहुतेकदा खरोखरच काहीतरी खटकलेलं असतं. नेमकं काय, ते सांगायला शब्द सापडत नाहीत, म्हणून ते "कुरूप" म्हणतात आणि तिथेच थांबतात.

हॉटेल असं का दिसतं, ते आधी सांगते. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या टेबलावर एका बावीस मजली हॉटेलचं काम आलं. कागदावर सगळ्यात आधी आली ती खोली. दाराजवळ बाथरूम, मग पलंग, पलंगासमोर टीव्ही, शेवटी एक खिडकी. रुंदी पावणेचार मीटरच्या आसपास. ही खोली शेजारी शेजारी लावत जायची, मधे पॅसेज, पलीकडे तशाच खोल्या, दोन्ही टोकांना आगीच्या वेळी उतरायचे जिने. झाला मजला. तोच मजला मग एकावर एक अठरा वेळा. खाली चार मजल्यांचा ठोकळा, कारण लग्न-परिषदांच्या मोठ्या हॉलला मधे खांब चालत नाहीत आणि खिडक्या नको असतात. उशीजवळचा दिवा नेमका कुठे असावा, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. बाहेरची दर्शनी बाजू मी एका दुपारी काढली. ती कुणी परत मागवली नाही.

ते हॉटेल आजही उभं आहे. जिन्यामागची त्याची भिंत वरपासून खालपर्यंत कोरी आहे आणि समोरच्या घरांतली माणसं सकाळी खिडकी उघडली की तीच बघतात. एकदा मी तिथल्या बसथांब्यावर उभी होते. शेजारच्या आजी कुणाला तरी सांगत होत्या, "पूर्वी इथून ढग यायचे ते दिसायचे." एवढंच. त्यांनी ना हॉटेलचं नाव घेतलं, ना कुणाला दोष दिला. ती भिंत माझ्या हातची होती. ते वाक्य मला आजही तसंच्या तसं आठवतं.

यात कुणी मुद्दाम वाईट वागलेलं नसतं. जमीन आणि इमारत एकाची, नाव दुसऱ्याच एका हॉटेल-साखळीचं, रोजचा कारभार कधी कधी तिसऱ्याच कंपनीकडे. साखळीचं नियमांचं जाडजूड पुस्तक येतं. त्यात गादीची जाडी असते, शॉवरच्या पाण्याचा दाब असतो, दर्शनी पाटी केवढी हेही असतं. फुटपाथवरून चालणाऱ्याला काय दिसेल, याबद्दल मी हाताळलेल्या एकाही पुस्तकात ओळ नव्हती. पाहुणा दोन रात्री राहतो आणि आतून बाहेर बघतो. शहर पन्नास वर्षं बाहेरून बघतं. पैसे मात्र पाहुण्याचे, त्यामुळे सगळी काळजी आतल्या बाजूला खर्च होते.

राहत्या घरांच्या उंच इमारतीही काही सुंदर असतात असं नाही. पण तिथे गॅलरीत कुंडी येते, कुणी रात्री दोनला दिवा लावतं, कुणी खिडकीत उभं राहून फोनवर बोलतं. आत माणसं आहेत हे बाहेरून कळतं. हॉटेलची खिडकी बहुधा उघडत नाही, सगळीकडे पडदा एकाच कापडाचा, आणि स्वस्तातलं हॉटेल असेल तर प्रत्येक खिडकीखाली वातानुकूलन यंत्राची एक जाळी. शेकडो खिडक्या, शेकडो जाळ्या. लोक याला कुरूप म्हणतात, पण मला वाटतं त्यांना जाणवतो तो परकेपणा.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरचं उदाहरण घ्या. तिथल्या मॅरियट मार्क्विस हॉटेलसाठी १९८२ साली मोरोस्को, हेलन हेज यांच्यासह पाच जुनी नाट्यगृहं पाडली गेली. नट, नाटककार, निर्माते रस्त्यावर उतरले, अटका झाल्या, तरी पाडकाम थांबलं नाही. १९८५ मध्ये हॉटेल उघडलं. त्याचे आर्किटेक्ट जॉन पोर्टमन. मधला प्रचंड पोकळ चौक आणि त्यातून वर जाणाऱ्या काचेच्या लिफ्ट यासाठी त्यांचं नाव जगभर झालं होतं, आणि हा चौक आतून खरोखर थक्क करतो. पण लॉबी कुठे? आठव्या मजल्यावर. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकांपैकी एका चौकात इमारत बांधली आणि तिने रस्त्याकडे पाठ केली. नाट्यगृहं गेल्याचं दुःख होतंच, पण त्यांच्या जागी जे आलं ते रस्त्याशी बोलायलाच तयार नव्हतं. त्या आंदोलनाचा हॉटेलवर परिणाम झाला नाही, बाकीच्या नाट्यगृहांवर मात्र झाला. त्याच दशकात ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या नाटकांच्या भागातल्या, बऱ्याच जुन्या नाट्यगृहांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचं. तिथे २०२३ मध्ये जुन्या शहराच्या क्षितिजरेषेत एक हॉटेल उघडलं, ब्राँझसारख्या रंगाच्या धातूच्या फितीचं भेंडोळं गुंडाळावं तसं. आमच्या बावीस मजली हॉटेलच्या दर्शनी बाजूचा कुणी विचारच केला नव्हता. इथे तो फार झाला, पण सगळा स्वतःकडे लक्ष वेधण्यासाठी. लोकांनी त्याची तुलना सरळ विष्ठेच्या इमोजीशी केली. सॅन फ्रान्सिस्कोत १९८९ साली उघडलेल्या काचेच्या कमानींच्या हॉटेलला 'ज्यूकबॉक्स', म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायची पेटी, असं नाव पडलं. अशी टोपणनावं ऐकून आमच्या व्यवसायातली मंडळी हसून सोडून देतात. मी सोडत नाही. परवानगी देताना विचारलं नाही, बांधताना विचारलं नाही, मग लोकांच्या हातात नाव ठेवणं एवढंच उरतं.

आता सवयीबद्दल. मॉस्कोत क्रेमलिनशेजारी, सेंट बेसिल चर्चच्या मागे, १९६७ मध्ये रशिया हॉटेल उघडलं. तीन हजारांहून जास्त खोल्यांचा अजस्र चौकोन, त्यातून वर गेलेला २१ मजली मनोरा. २००६ मध्ये ते बंद झालं आणि पाडलं गेलं. त्यामागे जमिनीची किंमत होती, राजकारण होतं, हे खरं. पण चाळीस वर्षं सवयीला पुरेशी असतात, आणि तरीही त्या जागी शेवटी तसली दुसरी अजस्र इमारत उभी राहिली नाही. २०१७ मध्ये बाग उघडली. सेंट बेसिलच्या घुमटांमागे पुन्हा आकाश आलं. सवय होते म्हणजे माणूस बघायचं सोडतो. बघायचं सोडणं आणि आवडणं यांत फरक आहे.

उंचीचंही तसंच. व्हिएन्नात एका जुन्या हॉटेलच्या आवाराच्या पुनर्विकासात ६६ मीटरचा मनोरा ठरला, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने व्हिएन्नाचं ऐतिहासिक केंद्र धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. ६६ मीटर ही कितीतरी शहरांत कुणाच्या ध्यानातही न येणारी उंची. पण तो मनोरा बेल्व्हेदेरे राजवाड्यातून शहराकडे बघताना जे दृश्य दिसतं, त्याच्या आड येत होता. ते दृश्य अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तोने रंगवलेलं आहे, त्यामुळे काय झाकलं जाणार हे तिथे दाखवता आलं. बसथांब्यावरच्या आजींच्या ढगांचं चित्र कुणी काढून ठेवलं नव्हतं.

म्हणून माझा आग्रह आहे की लोकांनी आधी बोलावं आणि नेमकं बोलावं. बऱ्याच शहरांत हरकती ऐकून घेण्याची काही ना काही सोय असते. न्यूयॉर्कमध्ये २०२१ पासून नव्या हॉटेलला विशेष परवानगी लागते आणि त्यात जाहीर सुनावणी होते. तो नियम यायला हॉटेल कामगारांच्या संघटनेचा रेटाही कारण होता, पण दार उघडलं ते सगळ्यांसाठी.

अशाच एका सुनावणीला मी गेले होते, या वेळी श्रोत्यांच्या बाजूला बसून. एक गृहस्थ उठले आणि तळमळीने म्हणाले, "ही इमारत शहराला कलंक आहे." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मान डोलावली, लिहून घेतलं: आवडीनिवडीचा प्रश्न. पुढचा. मग मागच्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांच्या हातात नकाशाची झेरॉक्स होती, दोन जागी पेन्सिलीने गोल केलेले. त्यांनी विचारलं, "बागेच्या बाजूची भिंत जिन्याची आहे ना? मग जिन्याला उजेड नको का? त्या भिंतीला खिडकी का नाही? आणि शाळेच्या बाजूला, मुलं चालतात त्या फुटपाथला लागून, स्वयंपाकघराच्या धुराची जाळी का?"

मंचावरचा तरुण आर्किटेक्ट गप्प झाला. त्याला उत्तर माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या बाजूचा विचार कुणी केलाच नव्हता. तो म्हणाला, "बघून सांगतो."

सुधारित नकाशा आला तेव्हा धुराची वाट गच्चीवर नेली होती. इमारतीचा आकार तोच राहिला, उंची एक वीतही कमी झाली नाही. पण जिन्याच्या भिंतीत प्रत्येक मजल्याला एक उभी, अरुंद खिडकी आली होती. आता रात्री बागेतून बघितलं की त्या खिडक्यांची एक उजळलेली रांग खालून वर जाताना दिसते, आणि कधीतरी एखाद्या मजल्यावर लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरणारं माणूसही.