बागेत राहिलेला नदीचा दरवाजा

लंडनच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंट गार्डन्स या बागेत, काहीशा खोलगट जागी, तीन कमानींचा एक दगडी दरवाजा उभा आहे. त्याचे नाव यॉर्क वॉटरगेट. या कमानींतून एके काळी थेट पाण्याकडे पायऱ्या उतरत; आज समोर बाग आहे आणि टेम्स नदी सुमारे १४० मीटर दूर आहे.

नदी आटली असावी किंवा तिने पात्र बदलले असावे, असा तर्क गोदावरी, दुधना किंवा मांजरेकाठच्या माणसाला प्रथम सुचेल. पण टेम्स आटली नाही. तिला माणसांनी मागे रेटले.

बकिंगहॅमचा पहिला ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याने १६२६ च्या सुमारास यॉर्क हाउस या आपल्या वाड्यासाठी हा दरवाजा बांधवून घेतला. त्या काळी बडी मंडळी शहरात नावेने फिरत, त्यामुळे स्ट्रँड रस्त्यालगतच्या वाड्यांना नदीकडील दरवाजाही तितकाच महत्त्वाचा वाटे. व्हिलियर्स घराण्याचे कुलचिन्ह नदीच्या बाजूला कोरले आहे, ते त्यामुळेच. दोनच वर्षांनी, १६२८ मध्ये, ड्यूकचा खून झाला. पुढे त्याच्या मुलाने ही मालमत्ता विकताना आपले नाव आणि किताब तेथील रस्त्यांना देण्याची अट घातली, आणि त्यातून ‘ड्यूक ऑफ बकिंगहॅम’मधल्या ‘ऑफ’ या शब्दाच्या नावाचीसुद्धा एक गल्ली झाली! इतका हट्ट करूनही वाड्यातले उरले ते एवढेच.

छत्रपती संभाजीनगरातील मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे दरवाजे आजही खाम नदीवरील पुलांशी जोडलेले आहेत. नदी तेथेच आहे, मात्र तिच्यातून वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी वाहत आले आहे. टेम्सचीही तीच गत झाली होती. ती भरती-ओहोटीची नदी असल्याने घाण समुद्राकडे निघून न जाता मागे-पुढे होत राही, ओहोटीच्या वेळी काठचा गाळ उघडा पडे, आणि १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढली की संसदेच्या पडद्यांना वास मारण्यासाठी चुन्याचे क्लोराइड (ब्लीचिंग पावडर) लावण्याची वेळ आली.

त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी नदीपात्रातच भक्कम भिंत उभारली, तिच्यामागील जागा भरून काढली आणि तीत सांडपाणी पूर्वेकडे नेणारी मोठी गटारवाहिनी व भुयारी रेल्वे बसवली. वर रस्ता आणि बाग झाली. हा नवा बांधीव काठ, म्हणजेच व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, १८७० मध्ये खुला झाला. या सगळ्यात दरवाजा जागचा हलला नाही, म्हणूनच जुना काठ नेमका कोठे होता हे आज त्याच्यावरून कळते.

वाढत्या लंडनला ती व्यवस्था पुढे अपुरी पडू लागली. नदीखालून नेलेला सुमारे २५ किलोमीटरचा नवा सांडपाणी बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. त्या कामासाठी ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ नदीपात्रात पुन्हा भर घालून नवी जमीन तयार करण्यात आली, आणि तिला बॅझलजेट यांचेच नाव देण्यात आले आहे.