खोली इथे, गुन्हा तिथे

उत्तर लंडनमधली एक खोली. वर्ष २००१. टेलिफोनच्या तारेवर चालणारा संथ मोडेम, आणि संगणकासमोर रात्र रात्र बसलेला गॅरी मॅकिनन. पलीकडे नासाचा एक संगणक आहे. पडद्यावर एक चित्र अगदी सावकाश उमटतंय. ते पुरतं उतरायच्या आतच पलीकडे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि जोडणी तुटते.

हा प्रसंग मॅकिननने नंतर स्वतःच सांगितला. परग्रहवासीयांबद्दलचे पुरावे अमेरिकेने दडवून ठेवलेत आणि आपण ते शोधत होतो, असं तो म्हणायचा. अमेरिकेचा आरोप फार गंभीर होता. फेब्रुवारी २००१ ते मार्च २००२ या काळात लष्कराच्या आणि नासाच्या मिळून ९७ संगणकांत त्याने घुसखोरी केली, फायली पुसल्या, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या दिवसांत नौदलाच्या एका तळावरचं जाळं बंद पाडलं, असं सरकारी वकिलांचं म्हणणं होतं.

हे सगळं घडलं तेव्हा तो ब्रिटनमध्येच बसलेला होता. मग गुन्हा घडला कुठे? बोटं जिथे चालत होती तिथे, की नुकसान जिथे झालं तिथे?

कायद्याच्या लेखी दोन्हीकडे. सीमेच्या अलीकडून गोळी झाडली आणि माणूस पलीकडे मेला, तर दोन्ही देश खटल्यावर हक्क सांगू शकतात. पण त्यासाठी निदान सीमेवर जाऊन उभं राहावं लागायचं. आता घरातलं टेबल पुरतं.

एका देशाने आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करणं म्हणजे प्रत्यार्पण. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी १२५९च्या सुमारास इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांचा राजा तिसरा हत्तुसिली यांनी तह केला. त्याची प्रतिकृती न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात आहे. एकमेकांकडे पळून आलेली माणसं परत करायची, असं त्यात ठरलं होतं. त्यापुढचं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. परत आलेल्या माणसाला मारायचं नाही. त्याचं घर पाडायचं नाही, बायकामुलांना धक्का लावायचा नाही. त्याचे डोळे, कान, तोंड, पाय शाबूत राहिले पाहिजेत. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या राजांनाही कळत होतं, की माणूस सोपवला म्हणून सोपवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

आजच्या करारांमध्ये ही जबाबदारी वेगळ्या शब्दांत येते. ज्या कृत्यासाठी माणूस मागितला, ते दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे. ज्या आरोपासाठी नेला, त्याच आरोपाचा खटला चालवायचा; नेल्यावर मागची सगळी प्रकरणं उकरून काढायची नाहीत. आणि पुढे काय वाढून ठेवलंय, हेही पाहायचं. १९८९ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने झोरिंग खटल्यात हे स्पष्ट केलं. येन्स झोरिंग हा जर्मन नागरिक. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात दुहेरी खुनाचा आरोप त्याच्यावर होता आणि तो ब्रिटनच्या ताब्यात होता. फाशीची वाट पाहत वर्षानुवर्षं कोठडीत कुजणं हीच अमानुष वागणूक आहे, त्यामुळे त्याला तसं पाठवणं ब्रिटनला शोभणारं नाही, एवढंच नव्हे तर ते बेकायदा ठरेल, असा निकालाचा आशय होता. फाशी होणार नाही याची हमी मिळाल्यावरच त्याला पाठवलं गेलं. तिथे त्याला दोन जन्मठेपा झाल्या.

इथवर मला काही खटकत नाही. परक्या देशात जाऊन गुन्हा करायचा आणि पासपोर्ट दाखवून घरी लपायचं, याला नागरिकत्वाचा हक्क म्हणता येणार नाही. १९९७ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एक खून झाला. आरोप असलेला सतरा वर्षांचा मुलगा इस्रायलला निघून गेला. तो तिथे कधी राहिलेलाही नव्हता. वडिलांमुळे नागरिकत्व मिळतं, एवढाच धागा. तेव्हाच्या इस्रायली कायद्याने नागरिकाचं प्रत्यार्पण होत नव्हतं, आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी त्याला पाठवायला नकार दिला. तिथेच खटला चालून त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी इस्रायलने तो कायदा बदलला. बरं झालं. ज्या गावात माणूस मेला, तिथल्या लोकांना तो खटला डोळ्यांसमोर चालताना बघायला मिळायला हवा होता.

जर्मनीच्या राज्यघटनेतही आपला नागरिक परक्यांच्या हवाली न करण्याची तरतूद आहे, काही अपवाद सोडून. असा नकार देणाऱ्या देशाकडून एकच अपेक्षा असते: देत नसाल, तर स्वतः खटला चालवा.

पण जो कधी तिकडे गेलाच नाही, त्याचं काय?

रिचर्ड ओड्वायर हा शेफिल्डमधला विद्यार्थी. टीव्ही मालिका आणि चित्रपट इंटरनेटवर कुठे बघता येतील, याचे दुवे देणारी एक साइट तो चालवायचा. साइटचे सर्व्हर अमेरिकेत नव्हते. पण पत्त्याच्या शेवटी 'डॉट नेट' होतं, आणि डॉट कॉम, डॉट नेट या नावांची नोंदवही एका अमेरिकन कंपनीकडे असते. तेवढ्यावर अमेरिकन यंत्रणा आपला अधिकार सांगत होत्या. तशाच प्रकारच्या दुसऱ्या एका साइटवरचा खटला २०१० साली ब्रिटनमधल्याच न्यायालयात आरोपींच्या बाजूने सुटला होता. तरीही जानेवारी २०१२ मध्ये ओड्वायरच्या प्रत्यार्पणाला न्यायालयाने हिरवा कंदील दाखवला आणि मार्चमध्ये गृहमंत्र्यांनी सही केली. शेवटी तडजोड झाली: २०,००० पौंड भरायचे, कायदा मोडायचा नाही, खटला नाही. घरी बसून केलेलं काम आपल्या देशात गुन्हा आहे की नाही हेच जिथे धड ठरलेलं नाही, तिथे त्या पोराला अमेरिकेतल्या तुरुंगाच्या धास्तीत ठेवणं मला मान्य नाही. पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांनी माणूस त्या देशाचा आरोपी होत असेल, तर साइट चालवणारा जगातला जवळजवळ प्रत्येक जण अमेरिकेचा आरोपी होऊ शकतो.

या प्रकरणांमुळे ब्रिटनने २०१३ साली कायदा सुधारला. कृत्याचा बराचसा भाग ब्रिटनमध्येच घडला असेल, तर प्रत्यार्पण न्यायाला धरून होईल का, हे न्यायाधीशाने तपासायचं. २०१८ साली लॉरी लव्ह या तरुणाला याच तरतुदीचा आधार मिळाला. आरोप तसाच, अमेरिकन संगणकांत घुसल्याचा. उच्च न्यायालयाने त्याला पाठवायला नकार दिला, आणि इंग्लंडमध्ये खटला चालवण्यात काही जुलूम होणार नाही, हेही बजावून सांगितलं. हे दुसरं वाक्य नसतं, तर पहिलं अर्धवटच राहिलं असतं.

मॅकिननच्या बाबतीत तसंच अर्धवट राहिलं. दहा वर्षं टांगती तलवार. वकिलांच्या मते शिक्षा ७० वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. दरम्यान त्याला अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे ऑटिझमचा एक प्रकार, असल्याचं निदान झालं. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी गृहमंत्री टेरेसा मे यांनी मानवाधिकारांच्या आधारे प्रत्यार्पण रोखलं. पाठवलं तर तो जीव देईल, हा धोका त्यांनी ग्राह्य धरला. दोनच महिन्यांनी ब्रिटनच्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं, की इथेही खटला भरणार नाही. साक्षीदार आणि पुरावे बहुतेक अमेरिकेत, आणि दोषी ठरण्याची शक्यता कमी.

त्या ९७ संगणकांत नेमकं काय झालं, फायली खरोखर पुसल्या गेल्या का आणि कुणी पुसल्या, याचा खटला ना तिकडे उभा राहिला, ना इकडे.