पिवळ्या पाण्यातला एकेक कण

(दृश्य: काचेची बाटली, आत फिकट पिवळं द्रावण. कॅमेरा हळूहळू जवळ.)

या पाण्याला पिवळा रंग चांदीने दिला आहे. आत ४० नॅनोमीटर व्यासाचे कण तरंगताहेत. प्रत्येकाभोवती सायट्रेटचं आवरण आहे, त्याचा प्रभार ऋण, म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात, पण त्यासाठी थेंब वाळवावा लागतो आणि वाळताना कण एकमेकांना बिलगतात. द्रवात ते सुटे होते की गुठळी झालेले, हे मग सांगता येत नाही. म्हणून कणाला द्रवातच गाठायचं.

टेक्सास विद्यापीठात ॲलन बार्ड यांच्या गटाने २००७ साली प्लॅटिनमचे सुटे कण इलेक्ट्रोडवर, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या वीजवाहक टोकावर, आदळताना टिपले. तिथे कण उत्प्रेरकाचं काम करत होता. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २०११ मध्ये चांदीच्या कणाचंच ऑक्सिडीकरण करून, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडवर काढून घेऊन, त्या प्रभारावरून त्याचं माप काढलं. आपण बघणार आहोत ती ही पद्धत.

(दृश्य: भिंगाखाली इलेक्ट्रोडचं टोक. काचेच्या मधोमध काळा ठिपका.)

हा ठिपका म्हणजे ७ मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा धागा, काचेत घट्ट बसवलेला. ॲल्युमिनाच्या भुकटीवर तो घासायचा: आधी १ मायक्रोमीटरची, मग ०.३, शेवटी ०.०५. दर वेळी शुद्ध पाण्याने धुवायचा, नाहीतर आधीच्या भुकटीचे ओरखडे राहतात.

मग इलेक्ट्रोडची परीक्षा. रुथेनियम हेक्झाअमाइन या चाचणीच्या रसायनाच्या १ मिलिमोलर तीव्रतेच्या द्रावणात करंट साधारण १.१ नॅनोॲम्पिअरपर्यंत चढून सपाट व्हायला हवा. रेषा तिरकीच चालत राहिली तर काच आणि धाग्यामध्ये फट आहे, पाणी आत शिरतंय. पुन्हा घासूनही फरक पडला नाही तर तो इलेक्ट्रोड वापरू नका. त्याच्यावर घेतलेला एकही आकडा विश्वासाचा नसतो.

(दृश्य: ॲल्युमिनियमचा डबा, आत छोटं पात्र. झाकण बंद होतं.)

पात्रात ९ मिलिलिटर पोटॅशियम क्लोराइड. मिसळल्यावर २० मिलिमोलर उरेल, अशा बेताने घेतलेलं. जास्त क्षार घातला तर कणांचा ऋण प्रभार झाकला जातो, कण चिकटतात आणि पिवळा रंग राखाडीकडे वळतो. फार कमी घेतला तर द्रावणाचा रोध वाढतो. आधी कणांशिवाय करंट मोजून घ्यायचा: रेषा शांत हवी. त्यानंतर लिटरला २० मिलिग्रॅम चांदी असलेलं द्रावण १ मिलिलिटर घालायचं आणि लगेच मोजायला बसायचं. तुलनेसाठी ठेवलेल्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या मानाने विभव (व्होल्टेज) अधिक ०.६ व्होल्ट. द्रावण ढवळायचं नाही. कण आपल्या गतीने भटकत येतात, या मापांना सेकंदाला साधारण एक.

डब्याला अर्थिंग हवं. करंट पिकोॲम्पिअरमध्ये, म्हणजे ॲम्पिअरच्या लाख कोटीव्या भागांत आहे, खोलीतली वायरिंगसुद्धा त्यात बोलते. दर २० मिलिसेकंदांनी नेमाने करंटची उसळी येत असेल तर ती ५० हर्ट्झची घरगुती वीज. कण असे घड्याळ लावून येत नाहीत.

(दृश्य: पडद्यावर सपाट रेषा. अचानक एक टोकदार उसळी.)

हा एक कण. त्यात चांदीचे सुमारे २० लाख अणू. प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणजे एकूण सुमारे ३१४ फेम्टोकूलोम प्रभार. उसळीची उंची मोजायचा मोह होतो. तो टाळायचा. उपकरणातला फिल्टर उसळी पसरवतो, उंची खाली येते, पण तिच्याखालचं क्षेत्रफळ टिकतं, आणि प्रभार म्हणजे ते क्षेत्रफळ. त्यासाठी पायाची रेषा, म्हणजे उसळीखालची सपाट रेषा, मात्र नीट आखायला हवी. प्रभारात १० टक्के चूक झाली तर व्यासात जेमतेम ३ टक्के येते, कारण व्यास प्रभाराच्या घनमुळाने बदलतो.

खरी गफलत मोजणीत होते. दोन कण चिकटून आले तर प्रभार दुप्पट आणि व्यास दिसतो ५० नॅनोमीटर. उलट, एकच कण इलेक्ट्रोडला टेकून, थोडा विरघळून, उडून पुन्हा टेकतो आणि दोन-तीन तुकड्यांत संपतो. २०१७ मध्ये वेगवान उपकरणांनी हे स्पष्ट दाखवलं. प्रत्येक तुकडा वेगळा कण धरला, तर अर्ध्या प्रभाराचा तुकडा ३२ नॅनोमीटरचा कण ठरतो. ओळखायची खूण अशी: तुकडे काही मिलिसेकंदांत झुबक्याने येतात, वेगळे कण सेकंदभर विखुरलेले असतात. झुबक्याचा प्रभार एकत्र मिळवायचा.

(दृश्य: पिपेट. द्रावणात क्षाराचं तेच द्रावण पडतं.)

आणि मोठ्या उसळ्या फार दिसू लागल्या, तर त्याच क्षाराच्या द्रावणाने कण निम्मे विरळ करायचे. मोठ्या उसळ्यांचं प्रमाण घटलं तर दोन कण योगायोगाने एकाच वेळी आदळत होते. प्रमाण तसंच राहिलं, तर त्या पिवळ्या पाण्यात गुठळ्या आहेत.